डाव्या हाताचा मासा

रुमियानाने सकाळीच बाजारातून चांगला जाडजूड कार्प मासा आणला. संत निकोलसचा सण होता. दुपारी तिचा भाऊ कोस्ता बायकोला घेऊन जेवायला येणार होता, आणि या दिवशी रुसे शहरात माशाशिवाय जेवण होत नाही. मासा ओट्यावर ठेवून ती अक्रोड फोडायला बसली, तेवढ्यात तिचा नवरा स्तामेन तो उचलून खिडकीपाशी घेऊन गेला. तिथल्या टेबलावर निळ्या थाळीत त्याने मासा मांडला, शेजारी दोन कांदे ठेवले.

"थोडा वेळ दे मला," तो म्हणाला.

रुमियानाने त्याला मासा घेऊ दिला. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ती त्याला कशालाच नाही म्हणत नसे. शर्टाची बटणं लावून द्यायची, सांडलं तर गुपचूप पुसायची. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या स्तामेनला हे गोड वागणं आजारापेक्षा जास्त टोचायचं.

त्याने कॅनव्हास मांडून डाव्या हातात ब्रश घेतला, पण तो हात ऐकत नव्हता. कांदे कसेबसे जमले. पण माशाची चमक रंगात उतरवावी, तोवर खवले सुकून निस्तेज झाले. मग रंग खरवडायचा, पुन्हा लावायचा. दुपार होत आली. रुमियाना दोनदा दारापर्यंत येऊन तशीच परत गेली.

तिसऱ्यांदा ती आत आली.

"कोस्ता येऊन बसला की त्याला काय कॅनव्हास भाजून वाढू? शाळेतही असाच होतास. घंटा झाली तरी पोरांना सोडायचा नाहीस. आडमुठा कुठला!"

स्तामेन तिच्याकडे बघतच राहिला. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसली होती. त्याला एकदम हलकं वाटलं.

"शेपटी राहिलीय," तो म्हणाला.

"मग काढ की. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

तिने वाटीत पाणी आणलं आणि माशावर शिंपडलं. खवले पुन्हा चकाकले. ते सुकले की ती पुन्हा शिंपडायची, आणि मधूनमधून चुकाही काढायची. त्याने गप्प बस म्हटलं, तर माझ्या घरात मी बोलणारच, म्हणाली.

मासा भट्टीत गेला तेव्हा कोस्ता दारात उभा होता. जेवायला बराच उशीर झाला. उपाशीपोटी राकिया ही फळांची दारू पिऊन कुरकुरणारा कोस्ता पहिल्या घासाबरोबर गप्प झाला. ओलं चित्र कपाटाला टेकवलेलं होतं. ते पाहून त्याची बायको म्हणाली, शेपटी जरा वाकडी दिसतेय.

"वाकडीच होती," रुमियाना म्हणाली. "मी आणलाय ना मासा."

स्तामेनने मान खाली घालून काटे वेचले. त्याला हसू आवरत नव्हतं.