धारोष्णनाथांचं कडू भस्म

मुरगूडच्या रस्त्याकडेच्या मळ्यात एका म्हशीची धार काढली जात होती आणि शे-दोनशे शहाणी माणसं हात जोडून ते बघत होती. म्हशीपाशी बसलेले धारोष्णनाथ महाराज. पितळी पेल्यात दूध घ्यायचं, वर चिमूटभर भस्म सोडायचं आणि डोळे फिरवायचे, एवढंच त्यांचं अध्यात्म.

"धार डोळ्यांदेखत काढतोय, भेसळीला जागाच न्हाय!" महाराज गरजले. "कॅन्सर असू दे न्हायतर मूळव्याध, भस्म त्येला सोडणार न्हाय! पण नागा करायचा न्हाय. एक दिवस चुकला, की कोप!"

डॉ. रुचिता मगदूम यांचं डोकं तापलं होतं. सहा वर्षांची राजनंदिनी त्यांची पेशंट. तिला झालेला रक्ताचा कॅन्सर असा, की पुरते उपचार घेतले तर बहुतेक मुलं बरी होतात. पण जेमतेम आठवडाभर औषध घेऊन बाप, ऋतुराज, तिला इथं घेऊन आला होता. आज रुचिता तिला परत न्यायला आल्या होत्या.

"गाल बघा की मॅडम!" ऋतुराजनं लेकीला पुढं केलं. "दवाखान्यात काडी झालती. आता दिवसभर खातीया. कसं अंग धरलंय!"

पैलवानांच्या मुलखात वजन वाढलं की रोग पळाला, हे ठरलेलंच. गर्दी कौतुकानं बघत राहिली. रुचितांना मात्र त्या सुजलेल्या गोल चेहऱ्याची भीती वाटली.

महाराजांनी पेला पोरीच्या तोंडाला लावला. तिनं तोंड वेडंवाकडं केलं. "पप्पा, हे दवाखान्यातलंच औषध हाय. सिस्टर मधातनं द्यायच्या ते."

"लेकराच्या जिभेला बाधा झालीया," महाराज घाईनं म्हणाले.

रुचितांनी ताटातलं भस्म जिभेला लावलं. "राख इतकी कडू कधीपासून झाली? तुम्ही चाखा, ऋतुराज."

तो चाखून थुंकला. महाराजांना तेवढ्यात समाधी लागली.

"ही स्टेरॉइडची गोळी असणार, कुटून राखेत मिसळलेली," रुचिता म्हणाल्या. "तिनंच भूक लागते, तिनंच गाल फुगतात. रोज घेणाऱ्यानं ती अचानक सोडली तर तो कोसळतो. ह्यांचा कोप तो हाच."

"पण गुण आलाय की!"

"ऐका. हाडाच्या आत रोज रक्तातल्या नव्या, 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होतात. मोठं होताना प्रत्येकीला अंगावर एक अँटेना उभारावा लागतो. तो जमला, तर आत 'जग, मरू नको' असा निरोप जातो. न जमला तर पेशी मरते. तुमच्या पोरीच्या पेशी अर्धवटच अडकल्यात. अँटेनाचा पत्ता नाही, तरी आत 'वाढ, वाढ' असा खोटा निरोप चालूच आहे. स्टेरॉइडनं त्यातल्या पुष्कळ मरतात. पण नुसतं तेवढंच दिलं, की चिवट त्या उरतात आणि पुन्हा माजतात. म्हणून आम्ही सोबत चार औषधं देतो. ह्या चोरानं आमचंच एक औषध उचललं आणि बाकीच्यांवाचून तुमच्या पोरीला मरायला सोडलं."

ऋतुराजनं लेकीला उचललं. भस्माची पुडीही खिशात घातली.

दवाखान्यातल्या तपासणीत भस्मात स्टेरॉइड निघालं. पोरीच्या रक्तात त्या अर्धवट पेशी पुन्हा वाढलेल्या निघाल्या.

"बरी हुईल न्हवं?" ऋतुराजनं विचारलं.

"तेव्हाच दवाखान्यात थांबला असतात, तर छातीठोक सांगितलं असतं. आता झुंजावं लागेल," रुचिता म्हणाल्या आणि त्यांनी सलाईन लावायला घेतलं.

मळ्यात अजून रांग आहे म्हणतात. त्या रांगेतल्या शहाण्यांनो, आपल्या पोराच्या तोंडात काय घालताय हे विचारायला पदवी लागत नाही. आणि जो सांगत नाही, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पोराला पाजू नका.