गुडघाभर पाणी

"बाजूले सर, कौशल्या. गारा सुकून राह्यला."

"सुकू दे. भित माही हाये."

"भित तुही, पन गल्ली सगळ्यायची हाये ना वं."

"आज याद आली गल्लीले माही?"

शालू गाऱ्याचं घमेलं कमरेवर घेऊन उंबऱ्यापाशी, अन् कौशल्या चौकटीला दोन्ही हात लावून तिच्या पुढ्यात. दोघींची दारं समोरासमोर. मधली गल्ली एवढी अरुंद, की एकीनं फोडणी दिली तर दुसरीला ठसका लागावा. एरवी ह्याच दोघी उन्हाळाभर एका खाटेवर बसून कुरड्या घालायच्या. पण होळी झाली अन् अमरावतीहून पुराची मोजणी करणारी पोरं आली, तेव्हापासून खाट उभी करून ठेवलेली.

"ज्या कालवडीपायी माहा मानूस पाण्यात उतरला, तिची आता गाय झाली, तिच्याच दुधाचा चाहा पेतं तू रोज. अन् मलेच सांगायले येतं?"

शालूचं तोंड जरासं उतरलं. पण ती हटणारी नव्हती. "मी कुठं म्हनलं त्यायले उतरा म्हनून? पेलेला मानूस, कोनाचं आयकते?"

भांडण होतं कौशल्याच्या घरातल्या भिंतीवरच्या एका रेघेचं.

रोहणखेडी हे खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी जिभेला लागलं की थुंकून टाकावं असं. प्यायला पाणी नाही, बुडायला मात्र देव देतो. दीडेक वर्षामागं, पोळा तोंडावर आला असताना, वरच्या शिवारात आभाळ फाटलं. लेंडी नाल्याच्या पुलाखाली वाहून आलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या अडकल्या, वाट बंद झाली, अन् सगळा नाला वाट बदलून ह्या गल्लीतून धावत सुटला. येताना वाजत आला, जाताना गाळ ठेवून गेला. अन् कौशल्याचा नवरा देवमन त्याच्यासंगं गेला. दुसऱ्या दिवशी तुरीच्या वावरात सापडला.

पाणी गल्लीत किती होतं? गुडघ्याच्या वर चार बोटं. पण पंचनामा व्हायच्या आधी सूर्यभाननं पारावर सगळ्यांना बसवून समजावलं होतं. सूर्यभान म्हणजे गल्लीतला शहाणा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या वासालासुद्धा न फिरकणारा. "गुडघाभर सांगसान तं गुडघाभरच मदत भेटन. खांद्याले लागलं म्हना." लगेच साऱ्या गल्लीनं भिंती लिपून काढल्या. गाळाची रेघ गेली, अन् कागदावर पाणी खांद्याला लागलं.

कौशल्याला कोणी विचारलं नाही. तिच्या घरात सुतक होतं, पंचनाम्यालाही कोणी आत शिरलं नाही. ज्या घरात माणूस गेला, त्या घरी त्या दिवाळीला भिंतींना हात लावत नाहीत. पुढच्या दिवाळीला तिनं आपल्या मनानंच लावला नाही. म्हणून साऱ्या गल्लीत तेवढ्या एका भिंतीवर पाण्याची खरी रेघ राहिली होती, मातकट, सरळ, दोरी धरून ओढल्यासारखी.

अन् गल्लीचा कारभार असा, की सरकारला सांगताना पाणी खांद्याला, अन् आपसात देवमनचा विषय निघाला की तेच पाणी खाली उतरून गुडघ्याला. "गुडघाभर पान्यात मेला. शुद्धीत असता तं लेकरू बी निघालं असतं." हे कौशल्याच्या कानावर हापशीवर पडायचं, निंदणात पडायचं, तेराव्याच्या पंगतीतही पडलं होतं.

"शालू," ती म्हणाली, "गारा घेऊन घरी जाय. मी ते रेघ दाखवत नसते कोनाले. गुडघाभर पान्यात मेलेला नवरा कोनती बाई मिरवन?"

शालूला ते पटलं. घमेलं सावरून ती गेली. कौशल्यानं पऱ्हाटीच्या जळणाच्या मोळ्या ओढून भिंतीशी रचल्या. रचता रचता देवमनला शिव्या दिल्या, रोज द्यायची तशा. मेला तो मेला, जाताना बायकोची मान खाली घालून गेला. आसऱ्याला मागं काय ठेवलं, तर चार बोटांची बदनामी. ती त्याच्यासाठी रडली नव्हती. मातीच्या दिवशीही नाही. बायका म्हणायच्या, काळीज दगडाचं आहे. दगड नव्हता, राग होता. रागात बाई सकाळी उठते, भाकरी थापते, वावरात जाते. रडं आलं की बसून जाते.

दुपारी ती पोरगी आली. प्रणाली नाव, मूळची परतवाड्याची, अमरावतीला पुराचा अभ्यास करणारी. संगं पियुष नावाचा पोरगा, तीन पायांच्या काठीवर दुर्बीण घेऊन. पाऊस किती पडतो, नाल्यात किती मावतो, नदी किती फुगते, याचा ती पोरं महिनाभर हिशेब मांडत होती. त्यावरून धोक्याचा भोंगा कुठं बसवायचा ते ठरणार होतं.

"काकू, तुमच्याकडं पाणी कुठवर आलं होतं?"

"खांद्याले," कौशल्या म्हणाली. खोटं बोलायला तिला काहीच लागलं नाही. खांदाभर पाण्यात चांगला धडधाकट माणूसही मरतो.

प्रणाली ओट्यावर टेकली. घाम पुसला. कौशल्यानं माठातलं टँकरचं पाणी दिलं, ते तिनं एका दमात संपवलं. "सगळे खांद्यालाच म्हणतात. मग झालं तर. भोंगा पूर्णेच्या पुलावर बसवायचा."

"नदीवर? काहून?"

"एवढं पाणी त्या नाल्यात मावतच नाही ना काकू. खांद्याला लागलं म्हणजे ते नदीचं. नदी फुगते, पाणी मागं रेटते, अन् मग ते डोहासारखं गावात उभं राहते. हळूहळू चढते. नदी अमुक खुणेला लागली की भोंगा वाजन, अन् गल्लीला बाहेर पडायला वेळ भेटन."

"अन् नाल्याचंच असलं तं?"

"तर नदीवरचा भोंगा वाजायच्या आत सगळं होऊन गेलेलं असन."

पुराच्या दिवशी दुपारी कौशल्या स्वतः नदीकाठच्या वावरात होती. पूर्णा पात्रातच होती, म्हशी बसल्या होत्या तिच्यात. अन् घराकडं परत येते तो गल्लीत पाण्याचा घोंघाट.

समोरच्या दारात शालूची लेक आचल येऊन उभी राहिली. सातव्या महिन्यात माहेरी आणलेली पोर, कमरेवर हात ठेवून, कैरीला मीठ लावून खात. कौशल्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्या बाळंतपणासाठी घेतलेली खोली गल्लीच्या पार खालच्या टोकाला, सगळं पाणी उतरायचं तिथं. "मावशी, खातं का?" तिनं कैरीची फोड दुरून दाखवली.

"खाय माय तू," कौशल्या म्हणाली, अन् प्रणालीकडं वळून उठली. "ये वं पोरी, आत ये."

तिनं एकेक मोळी उचलून बाजूला केली. प्रणाली भिंतीपुढं उकिडवी बसली. रेघेवर बोट ठेवलं, अन् कितीतरी वेळ ठेवलंच.

"हे खरं. बाकी गल्ली खोटं बोलते," कौशल्या म्हणाली. "मदतीपायी बोलली, पोटापायी बोलली, मी नावं ठेवत नाही. पन पानी नाल्याचं व्हतं. येवढंच व्हतं. आता तू बी म्हन, येवढ्याश्या पान्यात कोन मरते."

प्रणाली पियुषला हाक मारत बाहेर गेली. दोघांनी गल्ली वरून खाली मोजली, रुंदी मोजली, दुर्बिणीतून उतार पाहिला. सूर्यभान दारात येऊन उभा राहिला, शालू आली. उघड्या दारातून भिंत साऱ्यांना दिसत होती. सूर्यभान एवढंच म्हणाला, "वयनी, आपल्या हातानं गल्ली बुडवली तुमी."

प्रणाली परत आली तेव्हा ऊन कललं होतं. कौशल्या चुलीपुढं बसलेली. चुलीत जाळ नव्हता.

"काकू, पुस्तकातलं नाही सांगत. गल्ली अरुंद, वरून उतार, दोन्ही बाजूनं भिंती. पाण्याला पसरायला जागाच नव्हती. मंग ते पळते. उभं पानी गुडघाभर असलं तं लेकरू खेळते त्याच्यात. पळतं पानी गुडघाभर असलं तं ते पायच उचलून नेते." बोलता बोलता तिची परतवाड्याची बोली आता पुरतीच बाहेर आली होती.

कौशल्यानं चुलीतली राख काडीनं सारखी केली. "एक इचारू?"

"विचारा ना."

"तो पेलेला व्हता. खोटं कायले बोलू. समोरची कालवड हंबरून राह्यली व्हती, तं तिले सोडाले उतरला. मी दिसताच दुरून हात केला त्यानं." ती थांबली. "पेलेला नसता, तं वाचला असता का?"

"नाही काकू. त्या पाण्यात बैल बी उभा नसता राह्यला."

"तू मले बरं वाटावं म्हनून तं म्हनत नाही?"

"मोजलं मी. दोनदा."

कौशल्यानं मान हलवली. पोरीला चहा विचारायचा राहिला, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा पोरं एसटीच्या फाट्यावर पोचली होती.

त्यानंतर गल्लीनं कौशल्याला वाळीतच टाकलं म्हणा. मदत परत मागायला कोणी येतं की काय, ह्या धाकात सगळे चैत्र-वैशाख बसून राहिले. कोणी आलं नाही. भोंगा मात्र आला. नाल्याच्या वरच्या पुलावर बसला. शालू हापशीवर दिसली की पाण्याचा गुंड भरायचा अर्धा टाकून निघून जायची. आचलला मुलगी झाली तेव्हा बारशाचं बोलावणं समोरच्या दारातून निघालं अन् कौशल्याचं दार सोडून साऱ्या गल्लीला फिरलं. तिनं दुपटं शिवून ठेवलं होतं. ते पेटीत गेलं.

अन् तिला शिव्या देता येईनात. सवयीनं तोंड उघडायचं, "मेल्या" एवढं म्हणायची, अन् पुढचं सुचायचं नाही. राग होता तोवर घरात दोघं होते. आता घर नुसतं मोठं झालं होतं. तरी रडं येत नव्हतं. छातीत गाळ बसावा तसं काहीतरी बसलेलं.

श्रावणात तसंच झालं. गावावर नुसती भुरभुर, अन् वरच्या शिवारावर आभाळ काळंनिळं. दुपारच्या भाकरी चुलीवर असताना भोंगा वाजला. आधी कोणाला खरं वाटेना. मग आचलनं पोर उचलली, शालूनं गाईचं दावं सोडलं, म्हाताऱ्यांना धरून सारी गल्ली शाळेच्या उंच ओसरीवर जाऊन उभी राहिली. कौशल्या सगळ्यात मागून आली, एका कोपऱ्यात उभी राहिली. अन् पाणी आलं. गढूळ, फेसाळ, कडब्याच्या पेंढ्या नाचवत.

"येवढंच हाये," सूर्यभान वाकून म्हणाला. "गुडघाभरच तं हाये. गाडी राह्यली माही, घेऊन येतो."

"भाऊ, नोका जाऊ," कौशल्या म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं त्या गल्लीत काढलेला तो पहिला शब्द.

सूर्यभाननं धोतर खोचलं, माळ सदऱ्याच्या आत सारली, अन् पायरी उतरला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलंच नाही, ते पाण्यानं उचललं. माणूस बसल्यासारखा खाली गेला अन् दिसेनासा झाला. गल्लीच्या तोंडाशी शाळेचं फाटक होतं म्हणून. त्याच्या गजात हात अडकला. दोघातिघांनी दुपट्ट्यांना गाठी मारून फेकल्या, फाटकाला धरून धरून ओढला, अन् ओसरीवर आणून टाकला. नाकातोंडात गाळ, धोतर गेलेलं. कोणीतरी आपला दुपट्टा त्याच्या कमरेवर टाकला.

दारूचा थेंब न शिवलेला माणूस साऱ्या गावानं गुडघाभर पाण्यात जाताना पाहिला होता.

बऱ्याच वेळानं सूर्यभाननं डोळे उघडले. त्याची नजर फिरत फिरत कोपऱ्यात गेली.

"वयनी," तो म्हणाला, "पाय ठरतच नाही वो."

कौशल्या त्याच्याकडं पाहत राहिली. मग गल्लीकडं पाहिलं. तिच्या दारापुढून, त्याच वाटेनं, तेच पाणी धावत होतं. त्यात एक माणूस उभा असेल, पेलेला, शेजारच्या कालवडीच्या दाव्याला झोंबणारा, अन् दुरून येणाऱ्या बायकोला हात करणारा. तू थांब, तू येऊ नोको, म्हणून हात करणारा. एवढे दिवस तिला वाटत होतं, तो नशेत हात हलवत होता.

ती भिंतीला टेकली, घसरत खाली बसली, अन् तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. आचलची पोर दचकून रडायला लागली.

"काय झालं वं हिले?" एका म्हातारीनं विचारलं. "तिच्या मानसाले जाऊन तं दोन वर्सं होत आली ना. आता काहून रडते?"

शालूनं गाईचं दावं दुसऱ्याच्या हातात दिलं. कौशल्याच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली, अन् तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"रडू द्या वं तिले," ती म्हणाली. "तिचा मानूस आता गेला."