कडेची बाई

टीव्हीवर धोंडाबाईचं नुसतं कोपर दिसत होतं, आणि त्या आनंदात कस्तुराबाईनं चहात साखर दोनदा घातली.

धोंडाबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. वडिवळ्यात दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, पण वैशाखात कस्तुराबाईच्या पोराचं, संदेशचं, लग्न झालं तेव्हापासून बोलणं बंद. कारण काय, तर हळद. पोराला पहिली हळद लावायचा मान थोरलीचा. कस्तुराबाईनं तो आपल्या बहिणीला देऊन टाकला. मग थोरलीनं भर पंगतीत, विहीणबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं, "मठ्ठ्यात निस्तं पाणी हाय" म्हणून घेतलं. आता यात चूक कुणाची ते मला विचारू नका, मलाही याच गावात राहायचंय.

तर लग्नाचे फोटो आणि फिल्म आली होती. नव्या सुनेनं, तेजलनं, आपला लॅपटॉप वायरीनं मोठ्या टीव्हीला जोडला. संध्याकाळी भावकी बघायला येणार, म्हणून सकाळी एकदा लावून पाहिली. लॅपटॉपवर सगळं नीट. टीव्हीवर मात्र चित्र पडद्यात मावेचना. चारी बाजूंनी वीत-वीतभर कापलेलं. वर फेटे गेले, खाली पाय गेले, आणि घरच्यांच्या फोटोत अगदी डाव्या कडेला उभी असलेली थोरली जाऊ गेली. राहिलं ते कोपर.

"टीव्हीच्या सेटिंगमध्ये असणार," तेजल म्हणाली. "चित्राचा आकार बदलला की बसेल. आत्या, रिमोट कुठंय?"

"आसंल कुटंतरी. ऱ्हाऊ दे की, लय झ्याक दिसतंय!" असं म्हणत कस्तुराबाई स्वयंपाकघरात गेली आणि पदराखालचा रिमोट तांदळाच्या डब्यात पार तळाशी खुपसून आली. बिचाऱ्या संदेशनं घर पालथं घातलं. मग लॅपटॉपवरच खटपट केली, तर नवरानवरी आधी चपटी झाली, मग लांबडी झाली, पण कडा काही आत आल्या नाहीत.

संध्याकाळी घर भरलं. धोंडाबाई ठेवणीतली साडी नेसून आली आणि सगळ्यांच्या पुढं बसली. "मी बोलाय आले न्हाई," तिनं भिंतीला सांगितलं. "फोटूतलं माजं त्वांड बगाय आलेय."

आधी फोटो सुरू झाले. घरच्यांचा फोटो आला तशी कस्तुराबाई पदर तोंडाला लावून खाली बघत बसली. तिचा नवरा सीताराम म्हणजे भोळा सांब. त्यानं मोठ्यानं विचारलं, "ह्ये कोपार कुनाचं रं?"

सगळ्यांच्या माना धोंडाबाईकडं वळल्या.

"माजं हाय!" धोंडाबाई उठलीच. "मान कापलात, आता मला बी कापलंत व्हय? बरं हाय. परवा तुमची आवणी ना? आमच्या घरचं येक मानूस खाचरात पाय ठिवायचं न्हाई. बगा तुमचं तुमी!"

सीतारामचा चेहरा पडला. या दोन घरांची आवणी, म्हणजे भातलावणी, सावडीनं होते. आज यांच्या खाचरात सगळे, उद्या त्यांच्या. धोंडाबाईची माणसं आली नाहीत तर रोपं जागेवरच पिवळी पडणार, आणि आता ऐनवेळी माणसं आणायची कुठून? जो तो कंपनीत नाहीतर मळवलीच्या बंगल्यांवर कामाला.

कस्तुराबाईपुढं आता पेच पडला. इकडं ते लाडकं कोपर, तिकडं अख्खं खाचर! धोंडाबाईचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला तशी ती ताडकन उठली, आत गेली आणि रिमोट घेऊन आली.

"आगं बया! तांदळात कसा गेला गं ह्यो मेला?"

तेजलनं सासूकडं बघितलं, रिमोटवरचे तांदूळ झटकले आणि चित्राच्या आकाराचं पान उघडलं. तिथं 'झूम' होतं, ते काढून 'स्क्रीन फिट' केलं. चित्र आक्रसलं आणि चारी कडा आत आल्या. फेटे आले, पाय आले, आणि डाव्या कडेला नथ घातलेली धोंडाबाई अख्खी उभी राहिली.

"वैनी, बसा की," सीताराम अजीजीनं म्हणाला. वैनी बसल्या. पण आवणीला येते असं काही म्हणाल्या नाहीत.

फोटो संपले आणि हळदीचा नाच लागला. मधोमध कस्तुराबाई, पदर खोचून, डोळे मिटून, अशी रंगात आलेली! मागं बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आणि डाव्या कडेला, कमरेवर हात ठेवून, डोळे तस्सेच मिटून, कस्तुराबाईची हुबेहूब नक्कल करत धोंडाबाई ठुमकत होती.

आधी फिस्सकन हसला तो सीताराम. मग सगळं घर खिदळलं. धोंडाबाई खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसायला लागली.

"आन् मी म्हंत्येय बाया कौतुकानं हसत्यात!" कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नजर काही त्या कडेवरून हलेना. मेली नाचत होती मात्र तंतोतंत. गिरकी घेताना आपण खरंच अशा बदकासारख्या वळतो? तिला एकदम हसू फुटलं, ते आवरेचना.

"आक्का," ती डोळे पुसत म्हणाली, "परवा समद्यांना घिऊन आवणीला या. न्हाई आलात, तर ही फिलीम रोज दारात लावीन."

"येतो बाई, समदी येतो," धोंडाबाई पुटपुटली. मग हळूच मान वर करून तिनं टीव्हीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तेजल, परत लाव गं," ती म्हणाली. "आन् ती मधली बाई जरा कापता येती का बग."