पादुकांतलं विष

बायाक्काच्या पायाखालचं पाणी तपकिरी झालं आणि मंडपातल्या साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या. टबात फेस आला, त्यावर काळपट कण तरंगायला लागले, तशी मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. कुणी मोबाइल धरला, कुणी हात जोडले. बायाक्का माझी थोरली बहीण, जन्मभर अंघोळीशिवाय चूल न पेटवणारी, आपल्या अंगातून एवढी घाण निघाली म्हणून रडायला लागली. मला त्या टाळ्यांची शिसारी आली.

गोव्यात काणकोणकडं समुद्राकाठी भरलेलं ते योगशिबिर. माडाची बाग, पांढऱ्या गाद्या आणि मधोमध योगऋषी निरामयनाथ. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी चंद्रप्पा यांचा गुडघा म्हणे याच बाबानं बरा केला होता. म्हणून त्यांनी निपाणीतली आणि आमच्या विणकरांच्या शहापुरातली माणसं गोळा करून बस भरली. मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या ठिकाणी एरवी फिरकत नाही. पण आक्काला मधुमेह, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. तिला एकटीला कसं सोडणार? गेले मुकाट्यानं.

पहाटेची आसनं झकास होती. वाकल्यानं कंबर मोकळी होते, त्याला चमत्कार लागत नाही. पण नंतर टब यायचे. टबात पाणी, पाण्यात ‘प्राणचक्र’ नावाचं लोखंडी वेटोळं, त्याची वायर एका पेटीला आणि पेटीवर ॐ. बाबा ‘मंतरलेलं सागरमीठ’ मूठभर टाकायचा, माणूस पाय सोडून बसायचा, पेटी चालू झाली की पाण्याचा रंग पालटायचा. हा लोखंडाचा गंज आहे, असं मी पहिल्याच दिवशी आक्काला सांगितलं. तुला शाळेत शिकवून शिकवून सगळीकडं गंजच दिसतोय, म्हणाली.

बाबाची जीभ गुळात घोळलेली. समोर विणकर बसलेत हे त्यानं बरोबर हेरलं होतं. “कच्च्या रंगाचं लुगडं पहिल्या धुण्याला किती रंग सोडतं, माताजी? दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला पाणी नितळ. देहसुद्धा लुगडंच आहे. पाणी नितळ झालं की औषधाची गरज संपली!” झालं की मग. ज्यांचा जन्म मागावर गेला, त्यांना आणखी काय पटवायचं? आणि दुसऱ्या दिवशी आक्काचं पाणी खरंच फिकट झालं, तिसऱ्या दिवशी जवळजवळ नितळ. बाबाची मिठाची मूठ रोज आखडत होती, शेवटी चिमटीवर आली होती, ते कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या नजरा पायांवर.

त्या दुपारी शंख फुंकून ‘औषध-विसर्जन’ झालं. मी गावात भाकरी कुठं मिळते का बघायला गेले होते, कारण शिबिरात जेवण म्हणून केळी, नारळपाणी आणि वाटीभर मध. मधुमेहाच्या बाईला मध! परत आले तर रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या गोळ्यांबरोबर आक्काचं इन्सुलिनही समुद्रात गेलेलं. टोचून घेणं तर तिनं पहिल्याच दिवशी बंद केलं होतं, माझ्यापासून लपवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. घटाघटा पाणी प्यायची, की उलटी. बोलणं जड झालेलं. मी गाडी बोलावली. बाबा म्हणाला, ही शुद्धीची उलटी आहे, आणखी एकदा टबात बसवा. त्याच्या दोघा चेल्यांनी तिला मंडपात आणून टबात पाय सोडून बसवलंसुद्धा. चंद्रप्पा मला आडवे आले, अर्ध्यावर उठवू नका म्हणाले. आणि आक्काच माझा हात झिडकारून म्हणाली, “राजी, ईष बाहेर पडायलंय गं. आत्ता उठलो तर समदं वाया जाईल. मी न्हाय येत.”

गाडी फाटकात उभी होती. ओढून नेण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. व्यासपीठावर बाबाच्या चंदनी पादुका होत्या, रोज सगळे त्यांवर डोकं टेकायचे. मी त्या उचलल्या, आक्काशेजारच्या टबात ठेवल्या, मूठभर मीठ टाकलं आणि पेटी चालू केली.

बाबा ओरडला. चारजण माझ्या अंगावर धावून आले, पण पाणी पिवळं पडायला लागलं तसे जागीच थांबले. पिवळं, मग तपकिरी, मग फेस, मग काळे कण. अगदी आक्काच्या पहिल्या दिवशीच्या टबासारखं.

“अण्णा,” मी चंद्रप्पांना म्हटलं, “हे विष कुणाचं?”

त्यांच्या आधी बाबा बोलला. पादुकांनी म्हणे सगळ्यांची पापं शोषून घेतली होती! आणि सांगायची लाज वाटते, त्यावर माना डोलवणारेही निघाले.

मग मी तो टब ओतून टाकला, नवं पाणी, नवं मीठ घातलं. पाय नाहीत, पादुका नाहीत. पाणी तरीही तपकिरी झालं. मी सांगितलं, “खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, हे लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. बुडबुडे येतात त्याचा फेस. मीठ जास्त तर गंज जास्त. यानं मीठ कमी करत आणलं आणि तुम्ही बरे झालात.” मग आक्काच्या लुगड्याचा भिजलेला काठ तिच्या हातात दिला. “हा डाग बघ. आपल्या मागावर कशाचा पडायचा असला डाग?”

तिनं काठ बोटात धरून चोळला. डाग हलेना. “गंज हाय ह्यो,” म्हणाली, आणि टबातून पाय बाहेर काढले. तिला गाडीपर्यंत चंद्रप्पांनीच धरून नेलं.

मडगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हातात काही राहिलं नसतं. आक्का वाचली. मी तक्रार केली, पण पोलीस पोचेपर्यंत बाबा पेट्या गुंडाळून पसार झाला होता. आणि शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही कुणी ना कुणी विचारतंय, पुढचं शिबिर कधी? किळस येते हो. शिकलेली, कमावती, पोराबाळांची माणसं ही!

परवा चंद्रप्पा शहापूरला आक्काला बघायला आले. खाली मान घालून बसले. जाताना म्हणाले, निपाणीत आता दुसराच कुणी पायातलं विष काढणारा येतोय, लोक मलाच विचारतात काय करावं. आक्का आत उभी राहून पोटात सुई टोचून घेत होती. ती तिथूनच म्हणाली, “अण्णा, त्येला म्हणावं, आदी टब रिकामा चालवून दाव.”

माझंही तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत कुणी असला टब घेऊन आला, तर पाय घालायच्या आधी तो रिकामा चालवून दाखवायला सांगा. तो रागावेल, शाप देईल, तुम्हाला नास्तिक म्हणेल. म्हणू दे. तुमचं औषध तेवढं तुमच्या घरात राहू द्या.