बाराच्या आतला मका

मी मक्याचा ओलावा मोजणारा मीटर बोलतोय. दचकू नका, तुम्हाला मोजणार नाही! सरकारी खरेदी केंद्रातल्या टेबलावर माझं बस्तान आहे. मूठभर दाणे माझ्या पोटात टाकायचे, झाकण लावून बटण दाबायचं, की मी आकडा सांगून मोकळा.

जन्मलो कारखान्यात. तिथे खरं बोलायला शिकवलं, तेव्हापासून लोकांची बोलणी खातोय.

इथला नियम सोपा आहे. बाजारात मक्याचा भाव पडला, तर सरकार ठरवलेल्या भावापर्यंतचा फरक भरून देतं. पण दाण्यात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको. म्हणून सगळे भाव मागायला येतात आणि मी भाव खातो. कुणी मला रुमालाने पुसतं, कुणी हळूच "सांभाळून घे रे बाबा" म्हणतं. आकडा वर चढला की रांगेतून हमखास ऐकू येतं, "गेलं, बारा वाजले!" अहो, बारा वाजले तर चांगलंच की! पण माझं कोण ऐकतो?

गेल्या हंगामात, केंद्र बंद व्हायच्या दिवशी, सकाळीच एक सूनबाई सासऱ्यांबरोबर आली. त्या वर्षी शेत पहिल्यांदाच तिने एकटीने केलं होतं. सासऱ्यांची अट होती, सरकारी भाव मिळाला तर पुढेही तूच कर, नाहीतर शेत भाड्याने देऊन टाकू. पोती उतरवतानाच तिने हे केंद्रावरच्या साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी दाणे घातले, बटण दाबलं. अठरा!

"असं कसं? काल दाताखाली कडकन फुटत होता!" सूनबाई उसळली. "तुमचं हे डबडंच बिघडलंय."

डबडं? मला असा राग आला! पण तिचे डोळे भरले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. आकडा गिळता आला असता तर त्या दिवशी मी नक्की गिळला असता.

तेवढ्यात सासरे खाकरले. "मी सकाळी जरा पाणी मारलं."

"काय मारलंत?"

"पाणी. झारीने. धूळ दिसत होती गं. म्हटलं, साहेब बघणार, माल कसा चकचकीत दिसायला हवा."

सूनबाई मटकन पोत्यावर बसली. "बाबा, माझ्या कष्टांवर पाणी फिरवलंत हो!"

"फिरवलं नाही, नुसतं शिंपडलं," सासरे पुटपुटले. अख्खी रांग खो-खो हसली. रडता रडता तीही हसली.

"पाणी वरवरचं आहे," साहेब म्हणाले. "अंगणात पसरा. संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे."

मग काय विचारता! अंगण पिवळंधमक झालं. सासरे चपला काढून दाण्यांतून फिरू लागले, पायांनी मका वरखाली करू लागले. ज्यांचं काम उरकलं होतं तेही घरी जायचं सोडून मदतीला आले. साहेबांनी तर लांब वायर लावून स्वतःचा पंखा बाहेर काढला आणि आत घाम पुसत बसले.

ऊन कलताना पुन्हा एक मूठ माझ्या पोटात पडली. सगळे माझ्यावर वाकले. बरोब्बर बारा!

"बारापर्यंत चालतं," साहेब म्हणाले.

"बारा वाजले!" सासरे आनंदाने ओरडले. रांगेतल्या एकाने तर त्यांना उचलूनच घेतलं.

साहेबांनी विचारलं, "आजोबा, मक्याची पावती कुणाच्या नावावर करू?"

सासऱ्यांनी पायाला चिकटलेले दाणे झटकले. "हिच्या," ते म्हणाले. "शेत करते ही, राबते ही. पुढेही हीच करणार. मी आपला मधेमधे करतो." सूनबाईने खाली वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

आता माझं बटण झिजलंय. नवा मीटर येणार म्हणतात. येऊ दे बापडा. तोही आकडा खराच सांगेल. टेबलामागे बसणाऱ्यांनो, तुम्हाला एकच विनंती. आकडा वर गेला तर माणसाला लगेच माघारी धाडू नका. काय झालं ते आधी विचारा, आणि बाहेर ऊन असेल तर थोडं थांबा.