गिअरखाली न अडकणारे बूट

इन्स्पेक्टरीणबाईंचा घोटा सुजला आणि कचेरीतल्या सगळ्यांना त्यांच्याबद्दल एकाएकी आपुलकी वाटू लागली. कचेरीत आपुलकी उगाच कुणी वाटत बसत नाही, तेव्हा बाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण पाय उशीवर ठेवून पडलेल्या माणसाला सावध राहणं जरा जडच जातं. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, सोमवारी या. तुमच्यासाठी टेबल रिकामं करून ठेवलंय. खिडकीजवळचं. पंखा अगदी डोक्यावर."

"आणि फील्ड?"

"आता कशाला त्या मोटरसायकलवर हाडं खिळखिळी करून घेता? फील्डला पोरं आहेत की."

बाई लिफ्ट तपासायच्या. शहरातली कुठली लिफ्ट माणसं न्यायच्या लायकीची आहे आणि कुठली नाही, हे ठरवणं त्यांचं काम. इमारतींच्या रखवालदारांनीच त्यांना इन्स्पेक्टरीणबाई केलं होतं आणि मग नवराही चिडवताना तसंच म्हणू लागला. या कामातली गंमत अशी, की लिफ्ट तपासणाऱ्याच्या नशिबी लिफ्ट नसते. मशीनरूम गच्चीवर, आणि तपासायची म्हणजे लिफ्ट बंद. बाई दिवसभर जिने चढायच्या, उतरायच्या, मोटरसायकलला किक मारायच्या आणि पुढच्या इमारतीचे जिने चढायला जायच्या. त्यांना हे आवडत असे. असतात अशी माणसं.

टेबलावर गेलेल्यांचं काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. आधी वजन वाढतं, मग चहा वाढतो, आणि मग एक दिवस माणूस न पाहिलेल्या लिफ्टवर सही करतो. दुसऱ्या दिवशी दोन लिफ्टवर करतो. बाईंनी आजवर ज्या दोराला हात लावला नाही त्याच्यासाठी सही केली नव्हती. खिडकीजवळच्या टेबलाची त्यांना भीती वाटत होती ती एवढ्यासाठीच.

घोट्याचं प्रकरण मात्र कचेरीनेच घडवलेलं. गेल्या वर्षी एका समितीने फील्डवरच्या सगळ्यांसाठी बूट निवडले. समितीतले सगळे बसून काम करणारे, त्यामुळे बूट बसून पाहिले तर फार छान होते. पुढे लोखंडी टोपी, म्हणजे पायावर काही पडलं तरी बोटं शाबूत. त्या टोपीमुळे बुटाचं नाक एवढं जाड झालं होतं, की ते मोटरसायकलच्या गिअरच्या लिव्हरखाली कसंबसं शिरायचं आणि बाहेर यायला नकार द्यायचं. एके दिवशी सिग्नलला गाडी थांबली, पाय टेकायची वेळ झाली आणि पाय काही येईना. गाडी आडवी, बाई आडव्या, आणि गाडी बाईंच्या घोट्यावर. बोटं शाबूत राहिली, हे मान्य करायला हवं.

रीतसर चौकशी झाली. रस्ता तपासला, ब्रेक तपासले, बाईंचा चष्मा तपासला, वय तर दोनदा विचारलं. बुटांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण चौकशी करणारी समिती आणि बूट निवडणारी समिती एकच होती. निष्कर्ष निघाला की मोटरसायकल बाईंना झेपत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?" फोन ठेवून बाई नवऱ्याला म्हणाल्या. "घोट्याला धरून ठेवणारे उंच बूट घाला, मग काय हवं ते चालवा."

"ते बूट गाडीवर घालायचे असतात, अगं. जिने चढायला नसतात," नवरा म्हणाला. तो निवृत्त भूगोल-शिक्षक होता. "आणि टेबल काय वाईट आहे? मी जन्मभर खुर्चीवर बसून भूगोल शिकवला."

"म्हणूनच तुमच्या विद्यार्थ्यांना डोंगर तपकिरी रंगाचे असतात एवढंच माहीत आहे. चपला घाला. दुकानात जायचंय."

दुकान अरुंद आणि उंच होतं. खाली विक्री आणि वर जिन्याने जावं लागे असे गोदामाचे मजले. दुकानदार पांढऱ्या मिशांचा, स्टुलावर बसलेला. त्याने बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहून विचारलं, "साहेब, कुठली गाडी चालवता?"

"मी मागे बसतो," नवरा म्हणाला.

दुकानदाराने मान हळूहळू बाईंकडे वळवली. बाईंनी काय हवं ते सांगितलं: घोटा धरून ठेवेल, गिअरखाली अडकणार नाही आणि दिवसभर जिने चढता येतील.

"ताई, अशी गोष्ट नसते. गाडीचे बूट गाडीवर. चालायचं असेल तर खाली उतरून बदलायचे."

"आणि पहिला जोड कुठे ठेवू? गळ्यात?"

दुकानदाराने नाइलाजाने खोकी काढायला सुरुवात केली. पहिला जोड शर्यतवाल्यांचा, प्लॅस्टिकच्या ढालींनी मढवलेला. तो घालून बाई दोन पावलं चालल्या आणि नवऱ्याने घाईघाईने दुसरीकडे पाहिलं. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्या यापेक्षा बऱ्या चालत होत्या. दुसऱ्या जोडाला लांबलचक नाड्या. "या लिव्हरला गुंडाळल्या की मी परत आडवी," म्हणून तो बाजूला. तिसरा घातल्या घातल्या पायाला सुख झालं, इतकं की बाईंना संशय आला. त्यांनी बूट काढून दोन्ही हातांनी पिळला. तो ओल्या पंच्यासारखा पिळला गेला.

"अहो, काय करताय," दुकानदार म्हणाला.

"गाडी पडली तर रस्ता हेच करणार आहे."

चौथा जोड साधा काळा होता. नाक चपटं, बाजूला चेन, वर झाकण, घोट्यावर दोन्हीकडून कडक गादी. पिळला तर पिळला जाईना, पण चवड्याशी मात्र वाकत होता. बाईंनी घातला, दुकानातून एक फेरी मारली.

"झकास," दुकानदार म्हणाला. "बांधून देऊ?"

"दोन पावलं चालून मी लिफ्टसुद्धा पास करत नाही. वर जिना आहे ना?"

"ते गोदाम आहे, ताई."

"मला जिना हवाय. गोदाम तुमचं तुम्हाला असू दे."

बाई वर गेल्या, खाली आल्या. पुन्हा वर गेल्या. दुकानदाराने नवऱ्याकडे पाहिलं. "चालेल थोडा वेळ," नवरा म्हणाला आणि स्टुलावर बसला. त्याला लग्नाचा अनुभव होता. बाईंची गाडी दारातच लावलेली होती. त्यांनी पायरीवर जुनं पोतं टाकलं, बूट रस्त्याला लागू न देता गाडीवर बसल्या आणि गिअर वर-खाली करत राहिल्या. पाय सुटत होता. प्रत्येक वेळी सुटत होता. मग परत जिना.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक वाढलं. दुकानदाराचे गुडघे काही तरुण नव्हते. बाई वर निघालेल्या पाहून तो म्हणाला, "जाताच आहात तर डावीकडचं आठ नंबरचं खोकं आणाल का?"

बाईंनी आणलं. ओझ्यासकट चढ-उतार करायला मिळणं तपासणीच्या दृष्टीने चांगलंच होतं. मग तपकिरी सात नंबर आणलं, मग कुणाचे तरी हातमोजे. गिऱ्हाइकं त्यांना दुकानातल्याच समजू लागली. एका जाडजूड गृहस्थाने लोखंडी टोपीचे बूट गाडीसाठी मागितले.

"घेऊ नका," बाई खोकं खाली ठेवत म्हणाल्या. "अडकतो पाय."

"ताई," दुकानदार म्हणाला, "तुम्ही माझ्या दुकानात काम करताय की माझ्या दुकानाविरुद्ध?"

"मी बूट तपासतेय. मध्ये तुमचं दुकान येतंय त्याला मी काय करू?"

गृहस्थाने चपट्या नाकाचे घेतले. दुकानदाराने बाईंसाठी चहा मागवला.

संध्याकाळी तो शटरची काठी घेऊन उभा राहिला तेव्हा बाई शेवटचा जिना उतरत होत्या आणि त्यांचं तोंड कडू झालं होतं. सकाळी अगदी मापाचे वाटणारे बूट आता बोटांना चावत होते.

"झालं," नवरा म्हणाला. "म्हणजे अशी गोष्ट नसतेच. मी सकाळीच म्हणालो होतो."

"पाय सुजतात संध्याकाळी. माझी चूक झाली, सकाळचे पाय घेऊन आले मी." त्या दुकानदाराकडे वळल्या. "अर्धा नंबर मोठा, आणि जाड मोजे."

"ताई, मी बंद करतोय."

"करा की. मी आतून चालते."

दुकानदाराने काठी भिंतीला टेकवली आणि अर्धा नंबर मोठा कुठल्या मजल्यावर आहे ते सांगितलं. बाई नव्या जोडात दुकानातले दिवे एकेक करून मालवले जाईपर्यंत जिना चढत-उतरत राहिल्या. बोटं गप्प होती. घोटाही गप्प होता. शनिवारी आणि रविवारी त्यांनी ते घरातच घातले, जेवतानासुद्धा, आणि सोमवारी गाडीवरून कचेरीत गेल्या.

टेबल खरोखरच खिडकीजवळ होतं. साहेबांनी खुर्चीवर नवी गादीही टाकून घेतली होती.

"माझा घोटा बरा आहे," बाई म्हणाल्या. "मी फील्डवर निघते."

साहेबांची नजर खाली गेली. "हे बूट कचेरीचे नाहीत."

"नाहीत."

"फील्डवर कचेरीचेच बूट घालायचे असा नियम आहे, मॅडम."

"कचेरीचे घालून गाडी चालवता येत नाही."

"म्हणून तर टेबल," साहेब म्हणाले. वर्तुळ पूर्ण झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

बाईंनी खुंटीवरून आपलं कुलूप काढलं. तपासणी चालू असताना लिफ्टच्या मुख्य स्विचला तपासणाऱ्याने स्वतःचं कुलूप घालायचं आणि ज्याने घातलं त्यानेच काढायचं, ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यात कडक शिस्त. वर कुणी चाकांत हात घालून बसलेला असताना खाली कुणी बटण दाबू नये म्हणून.

"असं गेलात तर मला मेमो द्यावा लागेल."

"द्या ना. फक्त तो हातात द्यावा लागतो, सही घेऊन. मी कुठे आहे ते फळ्यावर लिहिलंय."

साहेबांनी मेमो टाइप करून घेतला आणि शिपायाला बोलावलं. शिपायाने फळा वाचला, इमारत आठवली, "साहेब, गुडघे," एवढंच म्हणाला आणि जागचा हलला नाही. साहेब स्वतः मोटारीतून निघाले.

इमारत उंच होती. साहेबांनी लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"बंद आहे," रखवालदार म्हणाला. "बाईंचं कुलूप आहे."

"मी त्यांचा साहेब आहे. काढा ते."

"मग तर तुम्हाला माहीतच असेल, साहेब. ते बाईच काढतात."

मशीनरूममध्ये बाई मोटरच्या ब्रेकशी वाकून बसल्या होत्या. जिन्यावरून आधी श्वास ऐकू आला, मग बराच वेळ काही नाही, मग साहेब. गुळगुळीत तळाच्या नाजूक बुटांमुळे ते शेवटचे मजले कठड्याला लोंबकळत आले असावेत. दारातल्या पायरीवर बसून त्यांनी एक बूट काढला आणि टाच दाबत राहिले. बाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी खिशातून मेमो काढला, पण दिला नाही.

"मॅडम, आपण असं करू. तुम्ही जागेवर सापडला नाहीत असं मी लिहितो. मेमो राहू दे. तुम्ही उद्यापासून गुपचूप टेबलावर या. तुमची फाइल स्वच्छ."

"सापडले म्हणून लिहा," बाई म्हणाल्या. "हे बूट घालून, मशीनरूममध्ये, काम करताना सापडले म्हणून लिहा. आणा तो इकडे."

त्यांनी हातावरचं ग्रीस पुसलं, कागद भिंतीवर धरला आणि सहीखाली उत्तर लिहिलं: कचेरीचे बूट गिअरखाली अडकतात. हे अडकत नाहीत. मी हेच घालणार. एक प्रत बूट निवडणाऱ्या समितीस.

साहेबांनी वाचलं. "हे असं समितीकडे पाठवावं लागेल."

"पाठवा."

"समिती निर्णय देईपर्यंत..." साहेब मध्येच थांबले. निर्णय होईपर्यंत आहे ते तसंच चालू ठेवायचं, हा कचेरीचा सर्वात जुना नियम. समितीकडे गेलेल्या पंख्याच्या प्रकरणात अर्जदार निवृत्त होऊन गेला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पंखा तेव्हा कुठे आला.

"निर्णय होईपर्यंत मी फील्डवर," बाईंनी वाक्य पुरं करून दिलं. "माझी अजून सात वर्षं आहेत. समितीला घाई नको म्हणावं."

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि सुजलेल्या टाचेवर बूट चढवायचा प्रयत्न केला. तो चढेना. "जरा लिफ्ट सुरू करता का? खाली जाण्यापुरती?"

"ब्रेक उघडा आहे. सही केल्याशिवाय मी कुणालाच बसवत नाही," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मोटरकडे वळल्या. "बूट हातात घ्या आणि सावकाश उतरा. चौथ्या मजल्यावरची एक पायरी तुटकी आहे."