अडीच अंश

"काका, तुमचं किमान तापमान आजही अडीच अंशांनी खाली आहे," मुख्य कार्यालयातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "आजूबाजूची सगळी केंद्रं चौदा-पंधरा सांगताहेत. एकदा तापमापक बघून घेता का?"

"एकोणतीस वर्षं तेच बघतोय मी, मॅडम. आमच्याकडे मोकळं रान आहे. थंडी जरा जास्तच लागते."

मॅडम लेकीच्या वयाच्या आणि स्वभावाने गरीब. बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. काका मात्र पुढे अर्धा तास धुमसत होते. भर हिवाळ्यात ज्यांच्या डोक्यावर पंखा फिरतो त्यांनी आपल्याला थंडी शिकवावी, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

गावाबाहेरच्या हवामान केंद्राचा कारभार ते एकटेच पाहत. एक खोली, तारेचं कुंपण, पाऊस मोजायचं भांडं आणि चार पायांवर उभी असलेली पांढरी, झडपांची लाकडी पेटी, एवढाच तो संसार. पेटीत तापमापकं. रोज सकाळी साडेआठला पेटी उघडायची, आकडे वहीत लिहायचे आणि वर कळवायचे. मुलगी झाली त्या सकाळीही ते आधी आकडे लिहून मग दवाखान्यात गेले होते, आणि ही गोष्ट बायकोने त्यांना अजून विसरू दिलेली नाही. गावात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. थंडीवाले काका म्हटलं की लहान पोरही घर दाखवी.

यंदाचा हिवाळा सौम्य आणि कोरडा जाईल, असा अंदाज कार्यालयाने पावसाळा संपता संपताच दिला होता. गव्हाला पुरेशी थंडी मिळणार नाही, विहिरी लवकर तळ गाठतील, तेव्हा कमी पाण्याचं पीक घ्या, असंही त्यात होतं. काकांनी तो कागद नियमाप्रमाणे फाटकावर चिकटवला. पण धाकट्या बहिणीने विचारलं तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं. आपल्या पेटीत आकडा आत्ताच बारावर आलाय, थंडी दरवर्षीसारखीच पडणार, तू बिनधास्त गहू पेर, असं ते म्हणाले. मेहुणे गेल्यापासून सारं शेत तीच बघत होती. दोन गाई, एक विहीर आणि ती. दादा म्हणाला म्हटल्यावर तिने दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. गहू पेरला, विहिरीचं पाणी त्याला दिलं, आणि रोज सकाळी नऊला फोन करून आकडा विचारून घेऊ लागली.

आज तिचा फोन जरा उशिराच आला. पेरणीला जेमतेम पन्नास दिवस झाले होते.

"दादा, गहू ओंबीवर आलाय रे. माझ्या गुडघ्याएवढासुद्धा नाही, आणि ओंबी काढून बसलाय. असं कसं?"

"एवढ्यात कसा येईल? थंडीत गहू सावकाश वाढतो."

"ते मलाही ठाऊक आहे. डोळ्यांनी बघतेय म्हणून सांगते ना." मग तिने रोजचा प्रश्न विचारला. "आज किती आहे?"

"अकरा पॉइंट आठ."

"मग भरेल म्हणतोस? आज बाराला वीज येईल. विहिरीत एका पाळीचंच पाणी उरलंय. ते गव्हाला दिलं तर गाईंना काही राहत नाही. थंडी राहणार असेल तरच देते."

काका म्हणाले, थांब, तासाभराने सांगतो. असं ते आजवर तिला कधी म्हणाले नव्हते. गव्हाला खोटं बोलायचं काय कारण, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि निघेना.

त्यांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. त्यावर धूळ होती. किमान तापमापकात पारा नसतो, अल्कोहोल असतं. कधी कधी त्यातला एखादा थेंब वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. खालचा स्तंभ तेवढाच आखूड होतो आणि आकडा खाली दिसतो. म्हणून दर सोमवारी वरचं टोक भिंगाने बघायचं आणि शेजारच्या तापमापकाशी आकडा ताडून घ्यायचा, असा नियम आहे. काकांनी सत्तावीस वर्षं तो इमानेइतबारे पाळला. थेंब एकदाही सापडला नाही. मग डोळे अधू झाले, भिंग खणात गेलं, आणि सगळं ठीकच असणार असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

त्यांनी पेटी उघडली. भिंग नळीच्या टोकाशी नेलं. थेंब तिथे होता. चांगला गव्हाच्या दाण्याएवढा लांब, स्वच्छ, आपलीच जागा असल्यासारखा बसलेला.

काकांनी भिंग खिशात टाकलं. त्यांनी नळी सोडवली, खालचं टोक जमिनीकडे धरून सावकाश झटके दिले. सातव्या झटक्याला थेंब खाली उतरून स्तंभाला मिळाला. त्यांनी दोन्ही तापमापकं ताडून पाहिली. आता ती तंतोतंत जुळत होती. म्हणजे आजचं किमान चौदाच्या वर होतं, कालचंही, आणि पेरणीच्या आधी त्यांनी छातीठोकपणे सांगितलेला तो बाराही खरा नव्हता.

हे कोणालाच कळणार नव्हतं. उद्यापासून आकडे आपोआप बरोबर आले असते, मॅडम खूश झाल्या असत्या. तरीही काकांनी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, गेल्या तीन महिन्यांचे आकडे धरू नका म्हणाले. मॅडम हळूच म्हणाल्या, उपकरणात बिघाड झाला होता असं लिहा. काकांनी वहीत लाल शाईने लिहिलं, की निरीक्षकाने तपासणी केली नाही. मग त्यांनी बहिणीला फोन लावायला घेतला, आणि लावला नाही. असं तोंड लपवून सांगणं त्यांना जमेना. त्यांनी सायकल काढली.

ते पोचले तेव्हा बाराला दहा मिनिटं होती आणि ती मोटारीच्या खोलीत बटणाजवळ उभी होती.

"पाणी देऊ नकोस," ते धापा टाकत म्हणाले. "थंडी नाही. पडली नाही आणि पडणारही नाही. माझाच आकडा चुकत होता, पहिल्यापासून. मी तपासलं नाही."

तिने हात बटणावरून खाली घेतला. शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"महिनाभर मी नुसती चादर घेऊन झोपतेय, दादा," ती म्हणाली. "मध्यरात्री तीही फेकून देते. मला वाटलं, वय झालं, आपल्यालाच थंडी कळेनाशी झाली. तुझा आकडा चुकेल, असं काही मनात आलं नाही बघ."

काकांना तिची माफी मागायची होती, पण तिने तेवढा वेळ दिला नाही. बांधावर जाऊन तिने एक ओंबी तोडली, चिमटीत दाबली. दाणा धरायचं लक्षण नव्हतं. विहिरीतलं पाणी गाईंना राहू दे, गहू हिरवा आहे तोवर कापून वैरण तरी करू, असं ती म्हणाली आणि खोलीतून दोन विळे घेऊन आली.

दोघं शेजारी शेजारी बसून कापू लागले. ऊन पाठीला चटका देत होतं. काकांनी स्वेटर काढून बांधावर ठेवला. लहानपणी या कामात त्यांचा हात कोणी धरत नसे, पण आता बोटं वळत नव्हती. पेंढ्या ते बांधत होते आणि ठेवत होते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की मागून येणारी बहीण त्यांची प्रत्येक पेंढी उचलते, गाठ ओढून बघते, सोडते आणि पुन्हा आवळून बांधते. रागाने नव्हे. तिला बहुधा आपण काय करतोय हेही कळत नव्हतं.

काका बघत राहिले. पुढची पेंढी त्यांनी बांधलीच नाही. नीट जुळवली आणि तशीच तिच्या हातात दिली.